गिटारचे नऊ महिने: अंगण थोडं वाकडं होतंच

'नाचता येईना अंगण वाकडं' असं कुणी म्हणेल, म्हणून पहिले चार महिने मी गप्प बसले. वय ४६, आयुष्यात पहिल्यांदाच वाद्य हातात घेतलेलं. वाजत नसेल तर दोष बोटांचाच, हे धरूनच चालले होते. आता रोज वीस-पंचवीस मिनिटं असे नऊ महिने वाजवून झाल्यावर लिहितेय, कारण निम्मा दोष गिटारचा निघाला.

गिटार साधी आहे. स्टीलच्या तारांची, मोठ्या पोटाची अकूस्टिक, जिला ड्रेडनॉट म्हणतात ती. आवाज भरदार, पण पोटावरून हात टाकताना उजवा खांदा उचलला जातो आणि मान भरून येते. माझ्यासारख्या बुटक्या माणसाने लहान पोटाची बघावी.

बोटं दुखण्याची भीती सगळे घालतात, ते तेवढं काही नाही. तीन-चार आठवड्यांत शेंड्यांना घट्टे पडले, एकदा सालपटं निघाली, फोन माझा ठसा ओळखेनासा झाला, विषय संपला. पहिल्याच आठवड्यात एक तार तोडली, तेही सांगून टाकते. छेडत होते एक तार आणि पिळत होते शेजारचीच खुंटी. ट्यूनरचा, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा हलेना म्हणून आणखी पिळली, तशी ती फाटकन तुटून गालाजवळून गेली.

खरा छळ एफ कॉर्डचा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे काही स्वर, आणि फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा आकार धरायचा. माझी दुसरी तार दोन महिने बद्दच वाजत होती. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मग एकदा सहज दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा तो चिमटा, आणि त्याच्या पुढे तोच आकार धरला. वाजला की! वर सरकलं की फ्रेटमधली अंतरं थोडी कमी होतात हे खरं, पण तेवढ्याने एवढा फरक पडायला नको होता.

कॅपो लावला की एक गोष्ट खेळातून बाद होते, ती म्हणजे नट. गिटारच्या दांडीच्या टोकाशी, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तपासायला सोपं आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट राहते ते बघायचं. केसाएवढी हवी. माझ्या गिटारच्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं. आणखी एक खूण होती, ती मला आधीच कळायला हवी होती: सुटी तार अगदी सुरात, पण पहिल्या फ्रेटवर दाबली की स्वर चढलेला. तार उंच, म्हणून ती खाली आणताना जास्त ताणली जायची.

दुरुस्ती करणाऱ्याने खाचा बारीक कानशीने खोल केल्या. दुसऱ्या टोकाची सॅडलही, म्हणजे पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासली. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची साडेतीन मिलिमीटर होती, ती अडीचवर आणायची होती. एकाच मिलिमीटरसाठी त्याने सॅडल दोन मिलिमीटर घासली. मी दचकले, पण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे टोकाला दुप्पट घासावं लागतं. तारांचा संचही बाराचा काढून दहाचा घातला, म्हणजे सर्वात बारीक तार ०.०१२ इंचाऐवजी ०.०१० इंचाची. आवाज थोडा पातळ झाला. मला चालतो. राग एवढाच की विकताना दुकानदाराने यातलं अक्षरही काढलं नव्हतं. नवी घेणाऱ्यांनी खिशात कॅपो घेऊन जावं.

उरलेला निम्मा दोष माझा, आणि तो कानशीने जात नाही. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना डावा हात अडखळायचा आणि उजवा त्याची वाट बघत थांबायचा. थांबला की लय गेली. यावर एकच उपाय लागू पडला: मेट्रोनोम, म्हणजे लयीत ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवायचा आणि कॉर्ड लागो न लागो, उजवा हात खाली-वर चालूच ठेवायचा. सुरुवातीला निम्मे फटके नुसत्या गोंगाटाचे. ऐकवत नाही, पण डावा हात मुकाट्याने वेळेवर यायला लागतो. मिनिटभरात जी-सी बदल पूर्वी नऊ व्हायचे, आता तीसच्या पुढे जातात. गाणं म्हणत वाजवणं मात्र अजून जमत नाही. तोंड उघडलं की हात गाण्याच्या शब्दांमागे पळतो.

एफ आता दहांतून सातदा स्वच्छ लागतो. गेल्या आठवड्यात चौथ्या तारेवर खरखर यायला लागली, तेव्हा आधी कॅपो लावून पाहिला. तरीही खरखर तशीच. मग वाकून बोटाकडे बघितलं, तर ते फ्रेटच्या पट्टीला लागून पडायच्या ऐवजी बोटभर मागे पडत होतं.