वाडा मोजायला लेझर मेजर घ्यावं का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मेझर्ड ड्रॉइंगचं, म्हणजे उभी इमारत मोजून तिची ड्रॉइंग्ज काढायचं, सेमिस्टर जवळ आलं की आर्किटेक्चरच्या प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न पडतोच, लेझर घ्यायचं का, कितीवालं घ्यायचं, टेपवर भागणार नाही का. मी बऱ्याच दिवसांपासून पन्नास मीटर रेंजचं ब्लूटूथवालं लेझर मेजर (लेझरचा ठिपका मारून अंतर सांगणारं हातातलं मशीन) पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत वापरतेय म्हणून जरा नीट सगळं लिहिते. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक मशीन्स साधारण एकाच पद्धतीने चालतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं. माझं मत आधीच सांगून टाकते, घ्या, नक्की घ्या, फक्त ते घेतलं म्हणून टेप, ओळंबा आणि लेव्हल पाइप हॉस्टेलवर ठेवून जाऊ नका.

आधी जिथे ते खरंच कमाल आहे ते. उंच्या! चौकाच्या कडेला उभं राहून दुसऱ्या मजल्याच्या वाशापर्यंतची उंची एकट्या माणसाला, शिडीशिवाय, दोन सेकंदांत मिळते. माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत तर लाल ठिपका इतका लख्ख दिसतो की मोजायला मजा येते. आणि भिंतीच्या जाडीत काढलेले ते अरुंद जिने, जिथे खांदे दोन्हीकडे घासतात आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस उभाच राहू शकत नाही, तिथे वरून खाली एक रीडिंग घेतलं की जिन्याची एकूण तिरकी लांबी हातात. पायऱ्या मात्र एकेक करून टेपनेच मोजा, कारण वाड्यात दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात आणि आपल्याला त्या जशा आहेत तशाच काढायच्यात.

खोल्यांचंही तसंच. जुन्या वाड्यातली खोली काटकोनात असेल असं गृहीत धरायचंच नाही, चार भिंती मोजल्या आणि चौकोन काढला असं केलं तर पुढची खोली त्याला जुळतच नाही. चार बाजू आणि एक डायगोनल (कर्ण) घेतला की आकार पक्का होतो, दुसरा डायगोनल तपासायला. टेपने डायगोनल घ्यायचा म्हणजे मधली कॉट, ट्रंका, शिलाई मशीन सगळं हलवायला लागतं आणि त्या घरात माणसं राहत असतात हो, त्यांच्या घरात आपण पाहुणे असतो. लेझरने सामानाच्या वरून डायगोनल मिळतो, मला वाटतं फक्त एवढ्यासाठी पैसे वसूल आहेत.

आता जिथे अडतं ते, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण कुठल्याही ऑनलाइन रिव्ह्यूत वाड्याबद्दल काही नसतं, सगळे रिव्ह्यू फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजणाऱ्यांचे.

मशीन एका सरळ रेषेतलं अंतर सांगतं, बस. ती रेषा कुठून कुठे घ्यायची हे त्याला कळत नाही. सोप्यातले, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसरीतले, खांब घ्या. वाड्याची सगळी आखणी खणांवर चालते, खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाचेक फूट. हे अंतर आपल्याला खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत हवं असतं आणि लेझर देतं एका खांबाच्या पृष्ठभागापासून दुसऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत. त्यात खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचा असेल, विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाला आहेत तसा, तर तो खाली फुगीर, वर निमुळता, म्हणजे गुडघ्याच्या उंचीला एक आकडा आणि छातीच्या उंचीला वेगळा. दोन्ही आकडे बरोबरच! म्हणून आधी डेटम लाइन, म्हणजे सगळी मापं जिथून घ्यायची ती एकच आडवी पातळी. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघा, आणि चौकभर एकाच पातळीला दोरी ताणा. गवंडी अजूनही हेच करतात आणि शेदोनशे रुपयांत काम होतं. त्या दोरीच्या पातळीवरच सगळी रीडिंग्ज घ्यायची, खांबाचा घेर टेपने, तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) बाजू टेपने. आणि केळफुलाचं किंवा महिरपीचं कोरीवकाम असेल तर प्रोफाइल गेज (सरकत्या काड्यांची पट्टी, दाबली की तोच आकार घेते) दाबून तो घाट सरळ कागदावर उतरवायचा, फक्त हलक्या हाताने, दीडदोनशे वर्षांचं सागवान आहे ते, आणि जिथे रंगकाम शिल्लक असेल तिथे गेज लावूच नका, फोटोवरून काढा.

सीलिंगला पण तेच. कडीपाटावर (लाकडी कड्या आणि त्यांवर टाकलेल्या फळ्यांच्या छतावर) लेझर मारताना ठिपका कडीवर पडलाय की वरच्या पाटावर, हे दर वेळी बघून लिहायला लागतं, नाहीतर एकाच खोलीच्या दोन उंच्या येतात, त्यात चार-पाच इंचांचा फरक, आणि संध्याकाळी ड्राफ्टिंगला बसल्यावर कुणालाच आठवत नाही कुठली कशाची. तुळईच्या, म्हणजे कड्या पेलणाऱ्या मोठ्या आडव्या लाकडाच्या, खालची उंची वेगळी लिहा. तुळई मधे झोल खाल्लेली असेल तर दोन्ही टोकांना आणि मधे अशी तीन रीडिंग्ज घ्या, तो झोल पण ड्रॉइंगमध्ये यायला हवा, उद्या कुणी दुरुस्ती करायला बसलं तर त्यांना तीच माहिती लागणार आहे.

भिंतीची जाडी लेझरने सरळ मिळत नाही. खिडकीच्या बाहेरच्या अंगाला एक सपाट फळी टेकवून धरायची आणि आतल्या अंगापासून फळीपर्यंत मोजायचं. तळमजल्यावर आणि वरच्या मजल्यावर वेगवेगळं मोजा, वर भिंत बारीक होत जाते. भिंत पोटाशी फुगली असेल तर ओळंबा सोडून दर फुटाला अंतर घ्या, इथे टेपच.

ऊन हा सगळ्यात मोठा वैताग. दुपारी चौकात लाल ठिपका दिसतच नाही. पांढरा पुठ्ठा टार्गेट म्हणून धरला की दिसतो पण मग दुसरा माणूस लागतोच. सकाळी लवकर चौक उरकायचा आणि ऊन चढलं की आतल्या खोल्या धरायच्या हे आमचं टाइमटेबल शेवटपर्यंत राहिलं. ऑइलपेंट मारलेलं काळपट लाकूड, काच, आरसा यांवर पण रीडिंग एकतर येत नाही किंवा दर वेळी बदलतं, तिथे सुद्धा पुठ्ठा. खोक्यावर लिहिलेली अधिक-उणे दोन मिलिमीटरची अ‍ॅक्युरसी ही चांगल्या पृष्ठभागावरची असते हे लक्षात ठेवा. आणि चौकातल्या हौदाची खोली घ्यायला पाण्यावर लेझर मारू नका, दोरीला वजन बांधून सोडा. (हौद मोजताना पाणी कुठून येत होतं ते पण विचारा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं होतं आणि काही वाड्यांतल्या जुन्या माणसांना नळाची वाट अजून माहितीये, ते साइट प्लॅनवर नोंदवलंच पाहिजे.)

दर्शनी भाग मोजायला या मशीनमध्ये पायथागोरसवालं फंक्शन येतं, खाली उभं राहून दोन रीडिंग्ज घेतली की उंची आपोआप. मैदानात ठीक आहे. पेठेतल्या बोळात समोरच्या घराला पाठ टेकवली तरी अंतर इतकं कमी की कोन फार तिरका होतो आणि हात जरासा हलला की उंची बदलते. ट्रायपॉड असेल तरच वापरा, नाहीतर सज्जातून टेप खाली सोडा.

ब्लूटूथ आणि अ‍ॅपबद्दल माझं मत चांगलं नाहीये. रीडिंग थेट फोनवर जातं हे ऐकायला भारी वाटतं पण अ‍ॅपमध्ये आकड्यांची नुसती रांग तयार होते, कुठला आकडा देवळीचा आणि कुठला उंबऱ्याचा हे त्यात कळत नाही, आणि आमच्या मशीनचं अ‍ॅप मधेच बंद पडून अख्ख्या सोप्याची रीडिंग्ज गेली. क्लिपबोर्डवर हाताने स्केच काढा, मोठं काढा, त्यावर पेनने आकडे लिहा, तारीख टाका, कुणी मोजलं ते लिहा. अमेरिकेत १९३३ साली हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे सुरू झाला, मंदीत काम नसलेल्या आर्किटेक्ट्सना जुन्या इमारती मोजायचं काम देऊन, तर तिथे आजही फायनल ड्रॉइंगबरोबर साइटवरच्या फील्ड नोट्स पण जपून ठेवतात आणि हे सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. विद्यार्थ्यांनी काढलेली ड्रॉइंग्जही त्यात आहेत. एकदा बघाच, शीट कशी लावायची हे त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या लेक्चरला कळलं नव्हतं मला.

आपल्याकडे नासाच्या (आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशभरातली संघटना) लुई कान ट्रॉफीसाठी कॉलेजेस दर वर्षी जीव तोडून डॉक्युमेंटेशन करतात, कामं खरंच सुंदर असतात, आणि मग शीट्स कॉलेजच्या कपाटात जातात. मूळ आकडे तर कुणाकडेच राहत नाहीत. हे मला मनापासून लागतं. शनिवारवाड्याचे आतले लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, आज आपण जोती बघून महाल कुठे असेल याचा अंदाज बांधतो. पेठांतले खाजगी वाडे तर आगीशिवायच चाललेत, वाटण्या, भाडेकरूंचे वाद, गळकी कौलं, रीडेव्हलपमेंट. ज्या वाड्यात तुम्ही मोजायला जाल त्याचं तुमचं ड्रॉइंग हे एकमेव ड्रॉइंग असण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून एक कॉपी वाड्याच्या मालकांना द्या, स्कॅन करून द्या, प्रिंट काढून द्या. आम्ही दिली तेव्हा तिथल्या आजी प्लॅनवर बोट ठेवून कितीतरी वेळ सांगत होत्या की बाळंतिणीची खोली ही, लोणच्याच्या बरण्या इथे, आणि आम्ही ज्याला स्टोअर लिहिलं होतं ती धान्याची बलदाची खोली. ती सगळी नावं आम्ही मग शीटवर घातली.

सरकारी संरक्षित ठिकाणी, म्हणजे पाताळेश्वरचं लेणं वगैरे, मोजायला जाणार असाल तर कॉलेजच्या लेटरहेडवर परवानगी आधी काढा. पाताळेश्वरचा गोल नंदीमंडप लेझरने मोजायला फार छान आहे, बाहेरच्या खांबांमध्ये एकमेकांसमोरची अंतरं घेत जायचं, आतले खांब वेगळे.

घेताना काय बघायचं. ब्लूटूथसाठी जास्त पैसे देऊ नका. पुढच्या कडेपासून की मागच्या कडेपासून मोजायचं हे बदलायचं बटण स्क्रीनवर मोठं आणि स्पष्ट दिसायला हवं, ते चुकलं तर प्रत्येक आकड्यात मशीनच्या लांबीएवढा फरक पडतो. रोज सकाळी टेपने आखलेल्या तीन मीटरवर एकदा तपासून मग काम सुरू करा. साधे पेन्सिल सेल चालणारं घ्या, चार्जिंगवालं नको, बऱ्याच वाड्यांत वरच्या मजल्यावर लाइटच नसते. ठिपका कुणाच्या डोळ्यावर जाणार नाही हे बघा, घरात लहान मुलं असतात आणि त्यांना तो पकडायचाच असतो. पाच जणांच्या ग्रुपला एक मशीन पुरतं, दोन जण लेझरवर, दोन टेपवर, एक जण फक्त लिहायला. ऑनलाइन थोडं स्वस्त पडेल पण मी तरी पुण्यातल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, जाऊन घ्या म्हणेन, तिथे दुकानदाराला सांगून मशीन दुकानाबाहेर उन्हात चालू करून बघता येतं.