टीएस९ की डीएस-१? आधी ॲम्प बघा

आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर टीएस९ (१९८२) आणि बॉसचा डीएस-१ (१९७८): दोन्ही गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायचे, आवाज फाटका करणारे (डिस्टॉर्शन) पेडल. सिग्नल दोन्हींत सिलिकॉन डायोडच कापतात, फरक त्यांच्या जागेचा. टीएस९मध्ये ते ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये असतात, त्यामुळे लाटेची कड गोलसर राहते. डीएस-१मध्ये ते ऑप-ॲम्पच्या पुढे ग्राउंडला जोडलेले; लाट सपाट छाटली जाते, आवाज करकरीत होतो.

टीएस९ खालचे सूर कापून ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स (मधले सूर) पुढे आणतो. म्हणून आधीच ड्राइव्ह होत असलेल्या (स्वतःच आवाज फाडणाऱ्या) व्हॉल्व्ह ॲम्पच्या आधी लावायला त्याला तोड नाही: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. पाम-म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) लगेच घट्ट होतात. क्लीन सॉलिड-स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पवर मात्र त्याच्याकडून जड डिस्टॉर्शनची अपेक्षा ठेवू नका.

तिथे डीएस-१ घ्या. त्याचा टोन नॉब मध्यावर असताना मिड्स खातो. घरी दणदणीत वाटलेली रिफ बँडमध्ये ड्रम्स आणि बेस गिटारखाली हरवते. टोन नॉब घड्याळाच्या ९-१० वाजताच्या जागी, डिस्ट अर्ध्यावर ठेवा आणि ॲम्पचे मिड्स वाढवा. सोलोसाठी टीएस९ डीएस-१च्या आधी लावला की मिड्स थोडे पुढे येतात. पॉवर दोन्हींना ९ व्होल्ट, सेंटर-निगेटिव्ह (प्लगचा मधला भाग ऋण).