नसांच्या लेसरमध्ये "धोका शून्य" सांगणाऱ्यांपासून सावध राहा

पेपरात पत्रक आलं होतं: पायाच्या फुगलेल्या नसांवर बिनटाक्याचं लेसर, त्याच दिवशी घरी, धोका शून्य. माझी ताई नागपुरात मानेवाड्याकडे खानावळ चालवते, दिवसभर उभी असते. डाव्या पोटरीवर निळ्या नसा फुगल्या होत्या. शिबिरात तिला आडवं झोपवून दोन मिनिटं मशीन फिरवलं आणि सांगितलं, "दोन्ही पाय खराब आहेत. आत्ता केलं नाही तर गँगरीन होईल." ही पहिली थाप. व्हेरिकोज व्हेन्सकडे, म्हणजे अशा फुगलेल्या नसांकडे, दुर्लक्ष केलं तर घोट्याजवळ जखम चिघळू शकते. गँगरीन सहसा धमनी बंद पडल्याने होतं. पण तो शब्द ऐकून ताईने घाबरून पैसे भरले.

लेसर झालं. नंतर डावी पोटरी टणक झाली, पाय सुजला. फोन केला की रिसेप्शनवरून एकच उत्तर, "नॉर्मल आहे, बर्फ लावा." शेवटी तिला रामदासपेठेत दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉप्लरमध्ये, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या.

मग त्यांनी उजवा पाय तपासला. लेसर केलेली शीर बंद दिसायला हवी. ही उघडी होती, रक्त उलटं येऊ न देणाऱ्या तिच्या झडपाही ठणठणीत. टोचल्याची खूण फक्त डाव्या गुडघ्याजवळ. पट्ट्या मात्र दोन्ही पायांना बांधल्या होत्या, अन् बिलही दोन्ही पायांचं!

गुठळी झाली म्हणून मी शिबिरवाल्यांना चोर म्हणत नाही. चांगल्या हातूनही क्वचित गुठळी होते, कातडी भाजते, मज्जातंतू दुखावून बधिरपणा राहतो. पण हे आधी सांगायला नको? संमतीपत्र इंग्रजीत होतं, अन् ताईची सही ऑपरेशनच्या दारात घेतली.

कुणाला लेसर सांगितलं असेल तर आधी उभं राहून केलेल्या डॉप्लरचा रिपोर्ट हातात घ्या, व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना) दाखवा. नंतर एकच पाय सुजला, दुखला तर त्याच दिवशी डॉप्लर करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

आम्ही उपचाराचे कागद लेखी मागितलेत. नियमाप्रमाणे ते 72 तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, ग्राहक हेल्पलाइन 1915. ताईचा अर्ज तयार आहे.