मागच्या कॅलिपरचा पिस्टन आत फिरवायला क्यूब घ्यावा की स्क्रूचं किट?

पुढचे ब्रेक पॅड घरी सहज बदलणारे बरेच जण मागच्या डिस्कपाशी येऊन थांबतात. तसं पाहिलं तर काम तेच असतं: चाक काढायचं, स्लाइड पिनचा बोल्ट सोडायचा, कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, वर उचलायचा, जुने पॅड बाहेर काढायचे. अडतं ते पिस्टनपाशी, म्हणजे कॅलिपरमधल्या पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यापाशी. पुढचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबला की मुकाट्याने आत जातो, मागचा जागचा हलत नाही. हँडब्रेकची केबल ज्या गाडीत थेट कॅलिपरला येते, तिथे पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो. पॅड झिजतो तसा पिस्टन त्या आट्यांवरून थोडा थोडा पुढे येतो आणि हँडब्रेक आपोआप जुळलेला राहतो. नवा जाड पॅड बसवायचा म्हणजे हा पिस्टन उलटा न्यायचा, आणि तो दाबत दाबत फिरवूनच जातो. क्लॅम्प लावून नुसता रेटला तर आतली ॲडजस्टरची यंत्रणा मोडू शकते. मग पॅड राहिले बाजूला, अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

फिरवायला दोन प्रकारची हत्यारं मिळतात. एक छोटा लोखंडी क्यूब, दुसरं स्क्रूच्या दांड्याचं किट. मी दोन्ही वापरली आहेत.

त्याआधी एक खात्री करून घ्या, कारण काही गाड्यांना यातलं काहीच लागत नाही. मागच्या डिस्कच्या मधल्या फुगीर भागात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असेल, तर कॅलिपरचा पिस्टन पुढच्यासारखाच सरळ दाबला जातो. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर आधी गाडी सर्व्हिस मोडला न्यावी लागते. काही गाड्यांत ते डॅशबोर्डवरच्या मेनूतून होतं, बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. मोटरने आपला दांडा मागे घेतला की पिस्टन साधारणपणे सरळ दाबून जातो. सगळ्यात पक्की खूण पिस्टनच्या तोंडावरच मिळते: त्यावर दोन किंवा चार खाचा, किंवा समोरासमोर दोन भोकं दिसली, तर तो फिरवायचा पिस्टन आहे.

क्यूबची रचना अगदी साधी. एका बाजूला ३/८ इंच रॅचेटसाठी (एकाच दिशेने पकड घेणाऱ्या पान्यासाठी) चौकोनी भोक, बाकीच्या बाजूंवर वेगवेगळ्या अंतरावर उभ्या केलेल्या छोट्या पिना. आपल्या पिस्टनच्या खाचांत बसणारी बाजू शोधायची, मागून एक्स्टेन्शन लावायचं आणि फिरवायचं. खिशात मावतो, हरवला तर फारसं दुःख नाही, आणि त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. कॅलिपर चांगल्या अवस्थेत असेल आणि पिस्टन सैलसर फिरत असेल, तर काम पटकन होतं. पहिल्यांदा मागचे पॅड बदलताना बहुतेक जण हाच घेतात, मीही तोच घेतला होता. त्यात वावगं काही नाही.

पण क्यूबची खरी अडचण हातात धरल्याशिवाय कळत नाही. क्यूब पिस्टनला फक्त फिरवतो. दाब आपला आपल्याला द्यावा लागतो. आणि बऱ्याच कॅलिपरमध्ये पुरेसा दाब नसेल तर पिस्टन आत जातच नाही, जागच्या जागी गोल गोल फिरत राहतो. आपण रॅचेट मारतोय, पिस्टन छान फिरतोय, आणि काही वेळाने लक्षात येतं की तो केसभरही मागे गेलेला नाही. मग जोर लावायचा. एका हाताने रॅचेट फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या तळव्याने क्यूब पिस्टनवर दाबून धरायचा, आणि त्याच वेळी कॅलिपर हलू द्यायचा नाही, कारण तो स्प्रिंगला किंवा तारेला टांगलेला असतो आणि त्याच्या मागे रबरी ब्रेक होज असतो. त्या होजवर कॅलिपरचं वजन येता कामा नये, त्याला पीळ तर अजिबातच पडता कामा नये. तिसरा हात आणायचा कुठून?

जोर वाढवला की पिना खाचेतून निसटतात. पिना आखूड असतात, खाचा उथळ, त्यात ब्रेकची काळी पूड आणि जुनं ग्रीस. क्यूब तिरका झाला की सटकतो आणि बोटांची गाठ थेट कॅलिपरच्या कडेवर आदळते. बोटांचं एक वेळ चालेल. पण निसटलेल्या क्यूबचा कोपरा पिस्टनभोवतीच्या रबरी बुटाला घासतो, आणि ते मला सहन होत नाही. पिस्टनचा गुळगुळीत पृष्ठभाग पाणी आणि धुळीपासून वाचवणारं तेवढंच एक आवरण आहे. त्याला चीर गेली तर आज काहीच कळत नाही. ओलावा आत जातो, पिस्टन गंजतो, कॅलिपर हळूहळू जाम होतो आणि एका बाजूचा पॅड डिस्कला चिकटून झिजू लागतो. ब्रेकचं काम करताना हत्यार कधी सटकेल या धास्तीत राहणं मला नको होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

किटमध्ये हा दाबाचा प्रश्न सुटतो. त्यात आट्यांचा एक दांडा, त्याला मागे टेकायला एक प्लेट आणि पुढे वेगवेगळ्या पिस्टनसाठी गोल चकत्या असतात. आपल्या खाचांना जुळणारी चकती दांड्याच्या टोकाला लावायची. मागची प्लेट कॅलिपरच्या बाहेरच्या बोटांना, म्हणजे जिथे बाहेरचा पॅड टेकतो तिथे, टेकवायची. मग मूठ फिरवायची. दांडा फिरतो तसा पुढेही सरकतो, त्यामुळे फिरवणं आणि दाबणं एकाच हालचालीत होतं. दाब किट धरून ठेवतं, कॅलिपर किटमध्येच आवळलेला राहतो आणि तुमचा एक हात मोकळा होतो. त्या हाताने कॅलिपर सांभाळता येतो, होज कुठे ताणला जात नाही ना ते पाहता येतं. मुख्य म्हणजे डोळे बुटावर ठेवता येतात.

याचं महत्त्व मला वापरताना कळलं. पिस्टन फिरतो तेव्हा कोरडा पडलेला बूट त्याला चिकटून पीळ खातो, आणि तसाच फिरवत राहिलात तर फाटतो. क्यूबवर जोर देत असताना हा पीळ दिसतच नाही, कारण डोकं सगळं क्यूब घसरू नये यातच गुंतलेलं असतं. किट लावल्यावर बूट मुरडायला लागला की लगेच दिसतं. थांबायचं, बुटाच्या ओठाखाली बोथट टोकाने थोडं सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकचं रबर ग्रीस सरकवायचं, बूट हाताने सरळ करायचा आणि पुढे फिरवायचं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस तिथे लावू नका, ब्रेकचं रबर त्याने फुगतं.

किटच्याही तक्रारी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पेटी मोठी असते आणि त्यातल्या बहुतेक चकत्यांना तुमच्या गाडीवर कधीच काम मिळत नाही. स्वस्त किटमध्ये दांड्यावर चकती ढिली बसते आणि लावताना खाली पडते. चुंबक असलेल्या किटमध्ये हा त्रास कमी. काही कॅलिपरमध्ये पिस्टन आणि बोटं यांच्यात जागा इतकी कमी असते की दांडा आणि प्लेट बसवायला कसरत करावी लागते. दांड्याच्या आट्यांची चाल आणि पिस्टनच्या आतल्या आट्यांची चाल सारखी नसते, म्हणून मधूनमधून प्लेट सैल करून पुन्हा टेकवावी लागते. आणि किट ताकदीने दाबतं, त्यामुळे चुकीच्या दिशेने फिरवलं तरी ते फिरतच राहील, तुम्हाला थांबवणार नाही. क्यूबमध्ये हाताला अडथळा लवकर जाणवतो. हा गुण मी क्यूबच्या खात्यात मनापासून लिहितो.

दिशेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण किट निवडताना हीच बाब सुटून जाते. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंचे पिस्टन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की आत जातात. काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलट्या दिशेने जातो. क्यूबला याने फरक पडत नाही, रॅचेटची दिशा बदलली की झालं. किटच्या दांड्याला मात्र पडतो. उजव्या आट्यांचा दांडा उलटा फिरवला तर तो पिस्टनपासून दूर जातो. म्हणून उजव्या आणि डाव्या आट्यांचे दोन स्वतंत्र दांडे असलेलंच किट घ्यावं. एकाच दांड्याचं किट तुमच्या आजच्या गाडीला पुरेल, पुढच्या गाडीला पुरेलच असं नाही.

कोणतंही हत्यार असलं तरी पिस्टन अजिबात हलत नसेल, तर जोर वाढवण्याआधी कॅलिपरच्या पाठीवरची हँडब्रेकची तरफ बघा. ती पूर्ण मागे येऊन आपल्या थांब्याला टेकलेली हवी. गाडीच्या आत हँडब्रेक सोडलेला असूनही केबल अडकलेली असेल तर तरफ अर्धवट राहते आणि पिस्टन अडतो. हँडब्रेक सोडलेला म्हणजे गाडी सैल, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि मागे जॅक स्टँड, नुसता जॅक नव्हे. टाकीतल्या ब्रेक ऑइलकडेही लक्ष ठेवा. पिस्टन मागे जातो तसं ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. आधी थोडं काढून ठेवलेलं बरं.

पिस्टन पूर्ण आत गेला म्हणजे संपलं नाही. अनेक गाड्यांत आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटी खुंटी असते आणि ती पिस्टनच्या खाचेत बसावी लागते. खाच योग्य जागी नसेल तर पॅड तिरका बसतो, एका टोकाला जास्त झिजतो. म्हणजे शेवटी पिस्टन अंशाअंशाने पुढे-मागे फिरवून खाच नेमकी जुळवावी लागते. इथे मी किट बाजूला ठेवून क्यूबच हातात घेतो. दाबाची गरज नसते, फक्त हलकं फिरवायचं असतं, आणि ते काम क्यूब सुरेख करतो. हे वाचून दोन्ही घ्यावीत असं वाटेल. पण खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी नोज प्लायरची दोन टोकं खाचांत हलकेच धरली तरी चालतं.

तर कुणी काय घ्यावं? गाडी नवी असेल, कॅलिपरवर गंज नसेल, मागचे पॅड तुम्ही क्वचितच बदलणार असाल आणि पिस्टनच्या खाचा चांगल्या खोल असतील, तर क्यूब पुरेल. मदतीला कुणी असेल तर आणखी सोपं, एकाने कॅलिपर धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. ज्यांची गाडी जुनी आहे, पावसापाण्यात उभी असते किंवा घरात एकाहून जास्त गाड्या आहेत, त्यांनी किटच घ्यावं असं मला वाटतं. एकट्याने काम करणाऱ्यांनाही मी तेच सांगेन. प्रत्येकाचा कॅलिपर वेगळा, त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा लागू होईल असा दावा नाही. पण ज्या बाजूचा पिस्टन क्यूबने हटून बसला होता, तोच किट लावल्यावर एका चालीत मागे गेला आणि बूट जसाच्या तसा राहिला, हे मी पाहिलंय.

विकत घेण्याआधी जमलं तर एक चाक काढून पिस्टनचं तोंड बघून घ्या. किती खाचा आहेत, समोरासमोरच्या खाचांमधलं अंतर साधारण किती आहे, आणि पिस्टन व बोटांच्या मध्ये दांडा मावेल इतकी जागा आहे का, ते मोजपट्टीने मोजा. मग किटच्या चकत्यांची मापं त्याच्याशी ताडून पाहा. नवे पॅड बसल्यावर गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहा, आणि त्यानंतरच हँडब्रेक ओढून पाहा. पिस्टन नुकताच मागे नेलेला असल्यामुळे पहिली काही दाबणी पेडल थेट खालपर्यंत जातं.