आक्षीच्या किनाऱ्यावर दुर्बीण की स्कोप?

पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. मग मार्च-एप्रिलात अलिबागजवळच्या आक्षीला पक्षी पाहायला काय न्यावं: दुर्बीण की स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकनळी, जास्त पटींची दुर्बीण? ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण गळ्यात अडकवली की झालं. उडत्या थव्यामागे ती सहज फिरते. भरतीला चिखले, तुताऱ्या असे किनाऱ्यावरचे पक्षी जवळ सरकतात तेव्हा तीच पुरते. ओहोटीला मात्र पक्षी पार पाण्याच्या कडेला जातात. तिथे विणीचा लालसर पिसारा नीट पाहायला, अभ्यासकांनी पायात अडकवलेल्या रंगीत पट्टीवरची अक्षरं वाचायला २०-६० पटींचा स्कोपच हवा. पण तो तिपाईसकट वागवायचा, वाऱ्यात थरथरतो, आणि ऊन चढलं की ६० पटींत दिसते ती नुसती तापलेली हवा! खर्चही तिपाई धरूनच मोजा. नवख्यांनी आणि भटक्यांनी दुर्बीण घ्यावी. एका जागी बसून मोजणी करणाऱ्यांनी स्कोप, तोही हाताशी दुर्बीण असेल तरच.