तीळ की मेलानोमा? स्लाइडवर फसवणारे नमुने

तिळाच्या स्लाइडवर एखादी पेशी भलतीच मोठी, काळपट केंद्रकाची दिसली की हात लगेच सूक्ष्मदर्शकाच्या हाय पॉवरकडे (जास्त मोठे दाखवणाऱ्या भिंगाकडे) जातो. जरा थांबा. आधी लो पॉवरवर दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा, मग खोल जाताना पेशी आणि त्यांचे पुंजके लहान होतात का ते बघा. साध्या तिळात ते होतात. मेलानोमात (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगात) बहुधा तळाच्या पेशीही वरच्याइतक्याच दांडग्या असतात.

सर्वांत जास्त फसवतो तो परत उगवलेला तीळ. शेव्ह बायोप्सीनंतर (तपासणीसाठी तीळ वरवर कापून काढल्यावर), बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत, त्याच जागी पुन्हा रंग दिसतो. एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या वरच्या थरात) मेलनोसाइट्स, म्हणजे रंगपेशी, विस्कटलेल्या, काही तर वरच्या थरांत चढलेल्या. नुसता हा थर पाहिला तर मेलानोमाच वाटावा. पण त्याखाली व्रणाचे आडवे कोलाजेन आणि त्याच्याही खाली जुन्या तिळाच्या शांत पेशी असतात. हा गोंधळ व्रणाच्या वरच थांबतो. मेलानोमा व्रणाची हद्द ओलांडून बाजूच्या त्वचेत पसरतो. तुकड्यात व्रणाची कडच आली नसेल, तर हा निकष वापरताच येत नाही. फॉर्मवर आधीच्या शेव्हचा उल्लेख बरेचदा नसतो, म्हणून व्रण दिसताच फोन करून पहिली स्लाइड मागवा. तीच मेलानोमा निघाली, तर वरची सगळी तुलना बाद.

जुनाट तिळात केंद्रक मोठे, वेडेवाकडे, पण क्रोमॅटिन (केंद्रकातला डीएनएचा ऐवज) शाई फुटल्यासारखे पुसट असते. मायटोसिस (पेशी-विभाजन) शोधून सापडत नाही, आसपासच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, काचेसारख्या झालेल्या असतात. मेलानोमात क्रोमॅटिन खडबडीत आणि मायटोसिस खोलवरही. केआय-६७ (विभाजित होणाऱ्या पेशी दाखवणारा स्टेन) इथे कामाला येतो.

तिळातल्या पोकळ्या रक्तवाहिन्यांसारख्या दिसल्या तर सीडी-३१ (रक्तवाहिन्यांचे अस्तर दाखवणारा स्टेन) लावा. अस्तर तिळाच्याच पेशींचे असेल तर तो निगेटिव्ह येतो. फुग्यासारख्या स्वच्छ पेशी दिसल्या की मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शंका येते, ती सॉक्स-१० (रंगपेशींच्या वंशातल्या पेशी दाखवणारा स्टेन) पॉझिटिव्ह आल्यावर मिटते. बलून सेल मेलानोमाची (अशाच फुगीर पेशींच्या मेलानोमाची) मात्र मिटत नाही, कारण त्यातही तो पॉझिटिव्हच असतो.

प्रेम (PRAME) हा स्टेन (उच्चार खरंच तसाच) ७५ टक्क्यांहून जास्त केंद्रकांत उमटला तर पारडे मेलानोमाकडे झुकते. तो निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका: डेस्मोप्लास्टिक मेलानोमात (तंतुमय ऊतीत पसरणाऱ्या प्रकारात) तो बरेचदा उमटतच नाही.