गिल्डचा शो की नॉन-युनियन स्टुडिओ? बोर्ड आर्टिस्टने काय बघावं

लॉस एंजेलिसमध्ये बोर्ड आर्टिस्टला, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा प्रत्येक प्रसंग आधी चित्रांत मांडणाऱ्याला, दोन प्रकारच्या ऑफर येतात. एक ‘द अ‍ॅनिमेशन गिल्ड’ या अ‍ॅनिमेशन कलाकारांच्या युनियनच्या, म्हणजे आयात्सी (मनोरंजन क्षेत्रातल्या कामगारांची मोठी युनियन) हिच्या लोकल 839 या शाखेच्या करारात बसणारी आणि दुसरी त्या कराराबाहेरची. मी दोन्हीकडे काम केलं आहे आणि आता पहिल्या प्रकारात स्थिरावलो आहे. भारतातून आलेले आणि यायच्या तयारीत असलेले बरेच जण याबद्दल विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 

फक्त पगार बघून निवड करू नका. गिल्डच्या करारात प्रत्येक हुद्द्याचा किमान दर ठरलेला असतो आणि डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या करारात त्यावर तीन वर्षांसाठी 7, 4 आणि 3.5 टक्के वाढ आहे. पण अनुभवी माणसाचा पगार बहुतेक वेळा त्या किमान दराच्या वरच असतो. शिवाय नॉन-युनियन म्हणजे कमी पगार, असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलचा पिक्सार स्टुडिओ गिल्डमध्ये नाही, तरी तिथे जायला कोण नाही म्हणेल? फरक जाणवतो तो घासाघीस करताना. गिल्ड सभासदांच्या पगाराचं सर्वेक्षण करून हुद्द्यानुसार आकडे जाहीर करतं. आपल्याकडून आलेल्या माणसाला स्वतःच्या कामाची किंमत सांगायचा फार संकोच असतो. समोर छापील आकडा असला की तो बराच कमी होतो.

चित्र काढणारा माणूस म्हणून मला जास्त मोकळं वाटलं ते मात्र नॉन-युनियन स्टुडिओत. टीम लहान होती. सकाळी बोर्ड, दुपारी एखाद्या प्रॉपचं डिझाइन, संध्याकाळी एडिटरशेजारी बसून अ‍ॅनिमॅटिकमधल्या, म्हणजे बोर्ड जोडून केलेल्या कच्च्या फिल्ममधल्या, चार फ्रेम कापायच्या. एका भागात आजी रागावून नातवाच्या हातातला डबा परत घेते, असा प्रसंग होता. मी तो संवादाशिवाय, फक्त हातांवर बोर्ड केला: बोटं डब्याच्या कडीत अडकतात, नातू सोडत नाही, मग सोडतो. दिग्दर्शिकेने तो तसाच ठेवला. मोठ्या शोमध्ये हाच प्रसंग शोरनरकडून (शोचा मुख्य सूत्रधार) नेटवर्ककडे आणि तिथून पुन्हा शोरनरकडे फिरतो. परत येईपर्यंत त्यात दोन वाक्यं घुसलेली असतात.

गिल्डच्या शोमध्ये बोर्ड आर्टिस्ट वेगळा, रिव्हिजन करणारा वेगळा, डिझायनर वेगळा. वरच्या हुद्द्याचं काम करून घेतलं तर दराचा प्रश्न येतो, म्हणून सहसा कोणी ते मागतच नाही. हात बसवण्याच्या वयात ही आखणी जाचते. तुम्ही पंचविशीत असाल, एकटे असाल, तर दोन-तीन वर्षं लहान नॉन-युनियन स्टुडिओत घालवायला माझी अजिबात हरकत नाही.

डेडलाइनचा त्रास दोन्हीकडे सारखाच. गुरुवारी संध्याकाळी ‘दुसरा अ‍ॅक्ट नव्याने बघू या’ अशी नोट येते आणि शुक्रवारचं सबमिशन काही हलत नाही. न लिहिलेला ओव्हरटाइम हे गिल्डच्या शोमधलंही जुनं दुखणं आहे. जादा तासांचा दर करारात आहे, पण ते तास टाइमकार्डवर लिहायला धीर लागतो, विशेषतः पुढच्या सीझनला आपल्याला बोलावतील की नाही याची धाकधूक असताना. तरी गिल्डमध्ये फोन करायला कोणीतरी असतं. नॉन-युनियन स्टुडिओत ज्याने डेडलाइन ठरवली, त्याच्याकडेच मला तक्रार घेऊन जावं लागायचं.

माझा निर्णय मात्र विम्यावरून झाला.

आपलं काम शोगणिक चालतं. सीझन संपला की हायेटस, म्हणजे मधला बिनकामाचा काळ, मग पुढचा सीझन येतो किंवा येत नाही. नॉन-युनियन स्टुडिओचा विमा त्या स्टुडिओपुरता असतो आणि काम सुटलं की माझ्या अनुभवात त्याच महिन्याअखेर तो बंद व्हायचा. मग कोब्राची, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या विम्याबद्दलच्या अमेरिकी कायद्याची, नोटीस येते: तोच विमा चालू ठेवता येईल, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर 2 टक्के. हातात काम नसताना तो हप्ता बघून पोटात गोळा येतो. नवं काम मिळालं की नवी विमा कंपनी, नवं कार्ड, डॉक्टरांची नवी यादी. माझ्या मुलीला दमा आहे. प्रत्येक बदलानंतर तिच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवर ‘हे कार्ड तुमच्याकडे चालतं का’ असं विचारत उभं राहायचं. चालत नसेल तर नव्या डॉक्टरांना तिची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची. इनहेलर तोच, पण नव्या विम्याच्या यादीत तो बसत नाही म्हणून फार्मसीच्या खिडकीवरून हात हलवत परत. घरातला इनहेलर संपत आलेला असताना हे मला सहन होईना. बोर्ड काढायला बसलो तरी लक्ष तिकडेच असायचं.

गिल्डच्या करारातल्या कामात स्टुडिओ तुमच्या तासांमागे मोशन पिक्चर इंडस्ट्री पेन्शन अँड हेल्थ प्लॅनमध्ये पैसे भरतो, आणि विमा त्या तासांवर चालतो. पहिल्यांदा पात्र व्हायला 600 तास लागतात, पुढे सहा महिन्यांच्या प्रत्येक कालावधीत 400. आठवड्याला 40 तास धरले तर 400 म्हणजे दहा आठवडे. वरचे तास 450 पर्यंत साठवता येतात. साठा भरलेला असेल तर कामाशिवाय आणखी एक कालावधी निभावतो. प्लॅनच्या पत्रकात स्टुडिओंची नावं एकाखाली एक येतात, समोर तास आणि खाली एकच बेरीज. मी स्टुडिओ बदलले, एक शो मध्येच बंद पडला, तरी मुलीचे डॉक्टर तेच राहिले. अ‍ॅनिमेशनचे रेसिड्युअल्स (काम पुन्हा दाखवलं, वापरलं की मिळणारे पैसे) आपल्या हातात न येता याच प्लॅनमध्ये जातात, याची अनेकांना खंत आहे. ती मी समजू शकतो. माझ्या घरात मात्र त्या पैशाचा उपयोग रोज दिसतो.

गिल्ड म्हणजे सगळ्यावर उतारा, असं मी म्हणणार नाही. अलीकडे कामं खूप आटली आहेत. तासच मिळाले नाहीत तर साठाही संपतो आणि मग गिल्डचा सभासदसुद्धा कोब्राच्याच दारात उभा राहतो. एआयबद्दलची 2024 च्या करारातली कलमं मला तोकडी वाटली. सुमारे 76 टक्क्यांनी तो मंजूर झाला, म्हणजे जवळपास चौथाई मतं विरोधात गेली. कामं परदेशी पाठवण्यावरून गिल्डने 1979 आणि 1982 मध्ये संप केले होते, त्यामुळे भारतातून आलेल्याकडे तिथे कसं बघतात, असंही काही जण विचारतात. माझा अनुभव चांगला आहे. मुंबईत असताना आम्ही त्यांच्याच बोर्डांवर अ‍ॅनिमेशन करायचो हे कळल्यावर सहकाऱ्यांनी उलट आपुलकीने चौकशी केली.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हिशोब वेगळा. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला मिळणाऱ्या 60 दिवसांत गिल्डचं सभासदत्व काही करू शकत नाही, म्हणून जो स्टुडिओ स्पॉन्सर करतो तोच धरावा. व्हँकुव्हरला जाणाऱ्यांनाही माझा निकष तसाच्या तसा लागू नाही. तिथे डॉक्टरांचा खर्च प्रांताची सरकारी योजना उचलते, तेव्हा लोकल 938, म्हणजे तिथल्या अ‍ॅनिमेशन युनियनच्या, स्टुडिओत जायचं की नाही ते ओव्हरटाइम आणि पगार बघून ठरवा.

लॉस एंजेलिसमध्ये असाल, घरी लहान मूल किंवा कोणाचं कायमचं औषधपाणी असेल, तर मी गिल्डचा शो घ्या म्हणेन, पगार थोडा कमी असला तरी. फक्त सही करण्याआधी ‘स्टुडिओ युनियनचा आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. एकाच कंपनीचा एक शो करारात आणि दुसरा बाहेर असू शकतो. ‘हा शो 839 च्या करारात आहे का आणि माझे तास प्लॅनकडे जाणार का’ असं ईमेलवर विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.